'अनकॉम्प्रेस्ड' या संज्ञेची चिकित्सा : संकलन-प्रणालींमधील दृश्यांतरण आणि रंगपट्ट्यांचा दोष

बीजशब्द : अनकॉम्प्रेस्ड, बिट-खोली, रंगपट्टे, संकलन-प्रणाली, चित्रपटसमीक्षा

प्रास्ताविक

चलच्चित्राच्या संगणकीय संकलनात काही शब्दांना जवळजवळ प्रमाणपत्राचा दर्जा प्राप्त झालेला आढळतो. 'अनकॉम्प्रेस्ड' हा अशा शब्दांपैकी अग्रगण्य होय. एका प्रणालीवर संकलित झालेले दृश्य दुसऱ्या प्रणालीवर रंगसंस्कारासाठी किंवा अंतिम जुळणीसाठी पाठवावयाचे असते. पाठवणारा ते 'अनकॉम्प्रेस्ड' स्वरूपात एक्सपोर्ट करतो. पलीकडे फाइल उघडल्यावर संध्याकाळच्या आकाशात, जेथे केशरी छटा निळ्यात अलगद विरघळावयास हवी, तेथे जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटलेले दिसतात. मग दोन्ही बाजू एकच वाक्य उच्चारतात : फाइल तर अनकॉम्प्रेस्ड आहे, तेव्हा वाटेत काही हरवणे शक्यच नाही. पाठवणाऱ्याच्या मते घेणाऱ्याची प्रणाली सदोष असते आणि घेणाऱ्याच्या मते मूळ चित्रीकरणच सदोष असते.

या वाक्यातच गफलत आहे. ती निव्वळ तांत्रिक असती तर तिचा विचार तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. तथापि चित्रपटाचे अध्ययन-अध्यापन करणारा प्राध्यापकही शेवटी अशाच कोणत्यातरी हस्तांतरित प्रतीवर विसंबून छटा, प्रकाश आणि अवकाश यांविषयी विधाने करीत असतो. पडद्यावरील पट्टा दिग्दर्शकाचा की एक्सपोर्टच्या चौकटीत निवडलेल्या एखाद्या पर्यायाचा, हे ठरविल्यावाचून ती विधाने अधांतरी राहतात. प्रस्तुत लेखात उपरोक्त संज्ञेची चिकित्सा या दुहेरी अंगाने केली आहे.

पोते आणि माप

दृश्य-संकेत अंकांत नोंदविताना दोन स्वतंत्र क्रिया घडतात आणि त्यांची सरमिसळ हेच गोंधळाचे मूळ आहे. पहिली क्रिया मोजण्याची. प्रकाशाची अखंड चढउतार ठरावीक पायऱ्यांत बसवावी लागते. दुसरी क्रिया साठवण्याची, म्हणजे मोजून आलेले अंक जसेच्या तसे ठेवावयाचे की दाबून कमी जागेत बसवावयाचे. धान्य पोत्यात दाबून भरले की सैल, हा एक प्रश्न. ते पायलीने मोजले की चिपट्याने, हा सर्वस्वी वेगळा प्रश्न. 'अनकॉम्प्रेस्ड' ही संज्ञा फक्त पोत्याविषयी बोलते. मापाविषयी ती अवाक्षरही काढीत नाही. पायलीने मोजताना जे मापटे-चिपटे सोडून दिले ते पोते कितीही सैल भरले तरी परत येत नाही.

माप किती बारीक, हे बिट-खोलीवर अवलंबून असते. १९८२ साली मान्य झालेल्या आणि आज बीटी ६०१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ८ बिटच्या दृश्य-संकेतात काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हा अंक दिला जातो. म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उपलब्ध पातळ्या केवळ २२०. १० बिटमध्ये हीच व्याप्ती ६४ ते ९४० अशी होते आणि पातळ्या ८७७ होतात. आकडा मोठा वाटला तरी कोणत्याही एका दृश्यातील आकाश ही सर्व व्याप्ती वापरीत नाही. समजा, आकाशाची तेजस्विता १५० पासून १८० पर्यंत चढते आणि ते १०८० ओळींच्या चौकटीत ७२० ओळी व्यापते. ८ बिटमध्ये ३० पायऱ्या, म्हणून प्रत्येक पट्टा २४ ओळी रुंद होतो. १० बिटमध्ये तेवढ्याच चढाला १२० पायऱ्या मिळतात आणि पट्टा ६ ओळींवर येतो. पहिला पट्टा डोळ्यास बोचतो, दुसरा सहसा लक्षातही येत नाही.

बोचण्याचे कारण मात्र सर्वस्वी अंकांत नाही. एर्न्स्ट माख याने १८६५ साली दाखवून दिले की, दोन जवळच्या तेजस्वितांच्या सीमेवर मानवी दृष्टी फरक वाढवून पाहते. उजळ बाजू सीमेजवळ अधिक उजळ भासते आणि गडद बाजू अधिक गडद. एका अंकाच्या अंतराची पायरी स्वतंत्रपणे दाखविली तर कदाचित ओळखताही येणार नाही. तीच पायरी लांबच लांब सरळ कडा होऊन आकाशभर पसरली की दृष्टी तिला रेषेचे रूप देते. म्हणूनच गर्दीच्या रस्त्याच्या किंवा झाडाझुडपांच्या दृश्यात हा दोष लपून राहतो आणि भिंत, धुके, पाणी, आकाश यांत उघडा पडतो. रिकाम्या जागेवर भिस्त ठेवणाऱ्या चित्रपटांवर त्याचा सर्वांत मोठा आघात होतो, ही गोष्ट समीक्षकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

येथे आणखी एका गैरसमजाची नोंद घ्यावयास हवी. ४:२:२ किंवा ४:२:० हे आकडे पट्ट्यांच्या संदर्भात वारंवार पुढे केले जातात. हे आकडे रंगाची माहिती किती चित्रबिंदूंमागे एकदा नोंदली, एवढेच सांगतात. त्यांचा संबंध रंगाच्या कडांच्या रेखीवपणाशी आहे. पातळ्यांच्या संख्येशी नाही. ४:४:४ची फाइलदेखील ८ बिटची असू शकते आणि तीत पट्टे सुखेनैव नांदू शकतात.

महाग फाइल, गरीब छटा

क्विकटाइम स्वरूपात 'अनकॉम्प्रेस्ड ४:२:२' या एकाच नावाखाली दोन जाती प्रचलित झाल्या, एक ८ बिटची आणि दुसरी १० बिटची. १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या दृश्यास पहिलीत सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट लागतात, तर दुसरीत सुमारे १३८. २००० नंतरच्या दशकात डिस्कची किंमत आणि वेग पाहता हा फरक क्षुल्लक नव्हता. ८ बिटचा पर्याय निवडला जाई आणि निवडणाऱ्याची समजूत मात्र आपण सर्वोत्तम तेच निवडले अशी राही, कारण नावातील पहिला शब्द दोन्हीकडे एकच होता.

२००७ साली अॅपलने प्रोरेस आणले, त्यापूर्वी २००४ मध्ये अॅव्हिडचे डीएनएक्सएचडी आले होते. दोन्ही दाबणारे कोडेक. प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारास वरील दृश्यासाठी सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट, म्हणजे २३ मेगाबाइट पुरतात. पण त्यात १० बिटचे माप राखलेले असते. थोडक्यात, साडेचार पट मोठ्या 'अनकॉम्प्रेस्ड' ८ बिट फाइलपेक्षा ही दाबलेली फाइल आकाशाची छटा अधिक इमानाने वाहून नेऊ शकते. हा विरोधाभास पचनी पडण्यास व्यवसायात बराच काळ जावा लागला. आकार म्हणजे गुण, हा बाजारातील जुना न्याय येथेही चालत होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पायऱ्या कोठे घडतात

पट्टे क्वचितच एका ठिकाणी घडतात. मूळ चित्रीकरण निर्दोष, फाइल १० बिटची, पाहणारा पडदा उत्तम, आणि तरीही आकाश फाटलेले, असे घडते ते मधल्या रूपांतरांमुळे. या रूपांतरांपैकी तीन विशेष विचारार्ह आहेत.

पहिले व्याप्तीचे. दृश्य-संकेत १६ ते २३५ या मर्यादेत बोलतो, संगणकाचे आरजीबी ० ते २५५ मध्ये. अॅव्हिडमध्ये बाहेरची फाइल आत घेताना तिची पातळी '६०१/७०९'ची मानावयाची की 'आरजीबी'ची, असा प्रश्न विचारला जाई. उत्तर चुकले की दृश्य एकतर फिकट पडते किंवा अधिक गडद होते, आणि बहुतेकांचे लक्ष तेवढ्यावरच थांबते. फिकटपणा तर रंगसंस्काराने काढता येतो. पण तो काढताना काय घडते? २५६ पातळ्या २२० मध्ये कोंबल्या जातात तेव्हा ३६ पातळ्या शेजाऱ्यांत विलीन होतात. नंतर पुन्हा ताणून २५६ केल्या तर त्या ३६ जागा रिकाम्याच राहतात. तेजस्वितेचा आलेख कंगव्यासारखा दातेरी दिसू लागतो. एकूण चित्र 'दुरुस्त' झालेले असते आणि आकाशात मात्र अधूनमधून दुप्पट उंचीची पायरी आलेली असते. चूक शोधावयाची म्हणजे ही दुरुस्तीच शोधावयाची असते.

दुसरे रूपांतर रंगप्रणालीचे. दृश्य-संकेत तेजस्विता आणि दोन रंगभेद अशा तीन अंशांत साठविला जातो, तर कित्येक प्रभाव-प्रणाली लाल, हिरवा, निळा अशा अंशांत गणित करतात. ८ बिटच्या पहिल्या पद्धतीत लिहिता येणाऱ्या एकूण अंकत्रयींपैकी सुमारे एक चतुर्थांशच वास्तव आरजीबी रंगांशी जुळतात. साहजिकच एका भाषेतून दुसरीत आणि पुन्हा पहिलीत येताना, ८ बिटमध्येच राहिल्यास, शब्दशः तोच अंक परत मिळण्याची हमी नसते. एका फेरीत हा फरक नगण्य असतो. परंतु शीर्षके एका प्रणालीत, रंग दुसरीत, अंतिम जुळणी तिसरीत असा प्रवास झाला की तो साचत जातो. १० बिटच्या फाइलचेही यापासून आपोआप रक्षण होत नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रकल्पाची गणना ८, १६ वा ३२ बिट यांपैकी कोणती, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. फायनल कट प्रोच्या जुन्या आवृत्त्यांत ८ बिट गणना आणि 'हाय प्रिसिजन' गणना हे वेगळे पर्याय होते. आत ८ बिटमध्ये गणित करून बाहेर १० बिटची फाइल लिहिली, तर भांडे मोठे आणि पाणी तेवढेच, अशी अवस्था होते. घेणारा फाइलचे गुणधर्म पाहतो, १० बिट वाचतो आणि संशयाची दिशा चुकते.

तिसरे रूपांतर गॅमाचे, आणि सर्वाधिक फसवे. मॅकिंटॉश संगणकांचा प्रमाण गॅमा दीर्घकाळ १.८ होता, २००९ सालच्या मॅक ओएस १०.६ या आवृत्तीपासून तो २.२ झाला. इतर संगणकांचा २.२ पूर्वीपासूनच होता. परिणामी त्या काळी क्विकटाइममार्फत एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्राकडे जाणाऱ्या दृश्याच्या मधल्या छटा कधी उचलल्या जात, कधी दबल्या जात, तेही वापरणाऱ्याने काही न सांगता. या उचलण्याचे गणित पाहण्याजोगे आहे. २.२ आणि १.८ यांच्या गुणोत्तराइतका बदल ८ बिटच्या अंकांवर उजळ करण्याच्या दिशेने केला तर १, २, ३ हे क्रमवार अंक ३, ५, ७ होतात. मधले ४ आणि ६ कोणाच्याच वाट्यास येत नाहीत. सावलीत पायऱ्या दुप्पट उंच होतात आणि उजळ टोकाला काही पातळ्या एकत्र मिसळतात. रात्रीच्या दृश्यातील भिंतीवर जे वर्तुळाकार पट्टे दिसतात, त्यांची उत्पत्ती पुष्कळदा अशी असते. काळे अधिक काळे की उजळ, या वादात दोन प्रणालींचे चालक गुंतलेले असताना खरा क्षय या रिकाम्या अंकांत झालेला असतो.

परीक्षा

दोष शोधण्याची रीत यातून आपसूक निघते. संशयास्पद दृश्याकडे टक लावून बसण्यापेक्षा १६ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा एक आडवा चढ तयार करावा आणि तो संपूर्ण मार्गाने धाडून प्रत्येक मुक्कामावर तपासावा. १९२० चित्रबिंदूंच्या रुंदीत १० बिट शाबूत असतील तर एक पायरी सुमारे २ चित्रबिंदूंची येईल. ती ९च्या आसपास दिसली की त्या मुक्कामापूर्वी कोठेतरी ८ बिटचे दार लागले असे समजावे. मोठ्या भांड्यातील थोडे पाणी ओळखण्याची खूणही सोपी आहे : ८ बिटचे अंक १० बिटमध्ये लिहिताना चारने गुणले जातात, म्हणून फाइलमधील सर्व अंक चारने भागले जात असतील तर तिच्या १० बिटत्वावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. आणि या सर्वांआधी ज्या पडद्यावर पट्टे दिसले तो पडदाच तपासावा. स्वस्त सपाट पडद्यांपैकी कित्येक प्रत्येक रंगाला ६ बिटच देतात आणि उर्वरित छटा झगमगाटाच्या युक्तीने भासवितात. अशा पडद्यावरून फाइलचा निवाडा करणे म्हणजे फुटक्या आरशात पाहून चेहऱ्याला दोष देण्यासारखे होय.

उपायांची चर्चा करताना 'थोडा नॉइज टाका' हा सल्ला हमखास येतो. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धवट सांगितला जातो. लॉरेन्स रॉबर्ट्स याने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, मोजमाप होण्यापूर्वी संकेतात यादृच्छिक गोंगाट मिसळल्यास थोड्या बिटमध्येही पट्ट्यांची कडा मोडते आणि डोळा मधल्या छटा सरासरीने स्वतः भरून काढतो. 'पूर्वी' हा शब्द येथे निर्णायक आहे. १६ वा ३२ बिटच्या गणनेतून ८ बिटमध्ये उतरताना गोंगाट मिसळला तर छटा वाचते. पट्टे पडून गेल्यानंतर मिसळलेला गोंगाट त्यांच्यावर केवळ पांघरूण घालतो, आणि पुढे डीव्हीडीसाठी वा प्रक्षेपणासाठी फाइल दाबली गेली की दाबणारा कोडेक प्रथम तेच पांघरूण ओढून घेतो. रासायनिक फिल्मवरील चित्रपटांच्या आकाशात पट्टे का दिसत नसत, याचे उत्तरही येथेच सापडते : फिल्मचा दाणा हा जन्मजात गोंगाट होता. आज जुन्या चित्रपटांचे 'शुद्धीकरण' करताना तो दाणा पुसून टाकण्याची जी हौस दिसते, ती आकाशाच्या मुळावर येते.

समीक्षेपुढील प्रश्न

अलेक्सांद्र सोकुरोव्ह यांचा 'रशियन आर्क' हा २००२ सालचा चित्रपट या संदर्भात मुद्दाम विचारात घ्यावा. सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात २३ डिसेंबर २००१ रोजी, छायालेखक टिलमान ब्यूटनर यांनी तो सुमारे दीड तास लांबीच्या एकाच अखंड चित्रणात टिपला. कॅमेरा सोनीचा एचडीकॅम जातीचा होता. परंतु त्याच्या स्वतःच्या फितीवर ८ बिट आणि रंगाची बरीच काटछाट असलेले दाबलेले मुद्रण होत असे. ते टाळून संकेत थेट वाहून नेता येईल अशा डिस्क-यंत्रावर अनकॉम्प्रेस्ड स्वरूपात साठविण्यात आला. चित्रपटाच्या कीर्तीत एकसंध चित्रणाइतकाच या शब्दाचाही वाटा आहे. येथे मात्र तो शब्द निव्वळ प्रमाणपत्र नव्हता. नंतरच्या रंगसंस्कारात छटा ताणावयाच्या आहेत, याची आगाऊ जाणीव त्या निवडीमागे होती. तुकडे जोडून दोष झाकण्याची सोय नसलेल्या कृतीला ती जाणीव अपरिहार्यच होती.

या चित्रपटाच्या अखेरीस कॅमेरा एका दारातून बाहेर, धुके तरंगणाऱ्या करड्या पाण्याकडे पाहतो. करड्यातून करड्यात जाणारी ती छटा म्हणजे पट्ट्यांसाठी सर्वांत अनुकूल भूमी. भारतीय महाविद्यालयांतून हा चित्रपट मुख्यतः डीव्हीडीवरून शिकविला गेला, आणि डीव्हीडी म्हणजे ८ बिट, ४:२:० आणि एमपेग-२ची दाबणूक. ती प्रत पाहून त्या धुक्यातील थरांविषयी, इतिहासाच्या स्तरांचे सूचन वगैरे, लिहिणे सहज शक्य आहे आणि मोहकही आहे. तसे लिहिणाऱ्याचे वाचन रसिकतेने केलेले असू शकेल. पण ते थर सोकुरोव्ह यांचे आहेत, याचा पुरावा त्या प्रतीत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदांची चिकित्सा शिकवावी लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील फरक पाहिल्यावाचून तो शब्दावर भाष्य करीत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाती आलेली प्रत हीच मूळ संहिता मानली जाते.

उलट दिशेची चूकही घडते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतील 'द लाँग नाइट' हा भाग २८ एप्रिल २०१९ रोजी दाखविला गेला तेव्हा अंधार आणि अंधारातील पट्टे यांविषयी प्रेक्षकांनी मोठी ओरड केली. छायालेखक फाबिअन वॅग्नर यांनी प्रक्षेपणातील दाबणूक आणि घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांची चुकीची जुळणी यांकडे बोट दाखविले. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. तरीही ते पूर्ण उत्तर मानता येत नाही. तीव्र अंधारात, अगदी खालच्या मोजक्या पातळ्यांत युद्ध रचावयाचे हा निर्णय कलावंताचाच होता, आणि ते दृश्य कोणत्या मापाने मोजून घरोघर पोहोचणार, हे त्या वेळी अज्ञात नव्हते. अंतिम माप ठाऊक असताना त्यात न मावणारी छटा योजणे ही सौंदर्यदृष्टीची निवड ठरते आणि समीक्षेने तिची तशीच दखल घ्यावयास हवी. पट्टा कोडेकचा असला तरी त्याला वाट कोणी दिली, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

शेवटी महाविद्यालयांच्या स्वतःच्या संग्रहांचा मुद्दा येतो. अनेक विभागांनी २००० नंतरच्या दशकात मुलाखती, लोककलांचे प्रयोग आणि व्याख्याने मिनी-डीव्ही फितींवर नोंदविली. त्या ८ बिटच्या, पाल पद्धतीत ४:२:०च्या, आणि मुद्रणातच दाबलेल्या आहेत. त्यांचा एक तास मूळ स्वरूपात संगणकावर घेतला तर सुमारे १३ गिगाबाइट लागतात. जतनाच्या उत्साहात तोच तास 'अनकॉम्प्रेस्ड' करून ठेवला तर ८ बिटमध्येही सुमारे ७५ गिगाबाइट लागतात आणि छटा एकही वाढत नाही. मधल्या रूपांतरात व्याप्ती वा गॅमा चुकला तर काही कमीच होतात. अशा संग्रहात मूळ डीव्ही प्रवाह जसाच्या तसा ठेवावा आणि प्रत्येक प्रतीसोबत ती कोणत्या प्रणालीवर, किती बिटच्या गणनेत, कोणती व्याप्ती मानून व कोणत्या वर्षी तयार झाली याची नोंद असावी. फितीच्या डबीवर वक्त्याचे नाव आणि दिनांक लिहिलेला असतो. ही चार कलमे लिहिण्यास त्याच चिठ्ठीवर जागा पुरते.